सोडून जाणाऱ्या माणसाकडून खरं कारण कसं कळतं: गावाकडच्या कारखान्यासाठी एक्झिट इंटरव्ह्यू

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भात तालुक्याच्या गावी जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, आणि जोडीला डाळमिल. कायम माणसं ४०च्या आसपास, हंगामात १५०च्या वर. दोन वर्षांत जिन फिटर, वजनकाट्याचा ऑपरेटर आणि अकाउंटंट असे तिघे महत्त्वाचे लोक गेले आणि तिघांच्याही राजीनाम्यात 'घरगुती कारण' लिहिलेलं. शेवटच्या दिवशी एक छापील फॉर्म भरून घेतला, तर सगळ्या रकान्यांत 'चांगले'. मग एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याची जाण्याआधीची मुलाखत, घ्यायचा तरी कसा?

आधी 'चांगले' का येतं ते बघा. पुण्यात किंवा नागपूरजवळच्या बुटीबोरीत नोकरी सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या आयुष्यातून बाहेर पडतो. तुमच्याकडून जाणारा पंचक्रोशीतच राहतो. त्याचा साळा तुमच्या हमालांच्या टोळीत असतो, बापाचा कापूस तुमच्याच काट्यावर येतो, आणि लग्नकार्यात मालकाशी गाठ पडतेच. पुढची नोकरी देणारा चौकशीसाठी फोन तुम्हालाच करणार, हेही त्याला ठाऊक असतं. खरं बोलून त्याला काही मिळत नाही, नुकसान मात्र होऊ शकतं. म्हणून तो सगळ्यांना परवडेल असं उत्तर देतो. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं हे नुकसान कमी करण्यासाठीच आहे. ते केलं नाही, तर प्रश्न कितीही हुशारीने विचारा, उपयोग होत नाही.

पहिली गोष्ट हिशेबाची. बोलायला बसण्याआधी त्याच्या हातात कागद हवा: किती दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे किती, बोनस किती, ग्रॅच्युइटी लागू असेल तर किती, घेतलेल्या उचलीतून किती वजा, आणि पैसे कोणत्या तारखेला खात्यावर पडणार. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकायचं काम बरेचदा राहून जातं आणि पुढे त्याचं खातं ट्रान्सफर होताना अडकतं, म्हणून तेही त्याच आठवड्यात उरका. अनुभवाचं पत्र सही-शिक्क्यासह तयार ठेवा आणि बोलणं सुरू होण्याआधी हातात द्या. 'इंटरव्ह्यू झाला की पत्र देतो' असं म्हटलं की त्याच्या लेखी ती चौकशी झाली.

दुसरी गोष्ट, विचारणार कोण. थेट वरिष्ठ नको. मालक नको, मालकाचा भाऊ किंवा मुलगाही नको. हिशेब करणारा तर मुळीच नको, कारण त्याच्या हातात त्या माणसाचे पैसे आहेत. ४० माणसांच्या कारखान्यात वेगळं एचआर खातं नसतं हे खरं, पण वाट निघते. डाळमिलचा मॅनेजर जिनिंगवाल्यांशी बोलेल आणि जिनिंगचा डाळमिलवाल्यांशी. किंवा गावातले निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, असा बाहेरचा आणि लोक मान देतात असा माणूस दर मुलाखतीमागे मानधन ठरवून घ्या. ठरवण्याआधी सोयरीक तपासा. सुपरवायझरच्या व्याह्यासमोर सुपरवायझरबद्दल कोण बोलणार? महिला कर्मचारी असेल तर बाईनेच बोलावं, हा नियम मोडू नका.

वेळ कोणती? राजीनामा दिला त्या दिवशी नको, तेव्हा राग असतो नाहीतर मालक थांबवायच्या खटपटीत असतो. थांबवायचं असेल तर ती बोलणी आधी आणि वेगळी उरका. शेवटचा दिवसही नको, तो निरोप, हार-श्रीफळ आणि सहकाऱ्यांचा असतो. ५ ते ७ दिवस उरले असताना, त्याच्या पाळीच्या वेळेत, पगारी वेळेत, पाऊण तास. ऐन हंगामात गाड्यांची रांग लागलेली असताना बसवू नका, त्याचं लक्ष काट्याकडेच राहील.

जागा अशी हवी की आत कोण आणि किती वेळ बसलं हे कोणाला दिसणार नाही. ऑफिसची काचेची केबिन म्हणजे सगळ्या आवारासमोर बसणं. चहाच्या टपरीवर तर बोलूच नका. सरकीच्या गोदामाशेजारची बंद खोली चालेल, पंखा मात्र चालू हवा.

भाषेचं एक सांगतो. त्याची भाषा वऱ्हाडी असेल तर त्याला वऱ्हाडीतच बोलू द्या, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत, मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराशी हिंदीत. विचारणारा पुस्तकी बोलू लागला की समोरचाही पुस्तकी होतो, आणि पुस्तकी भाषेत सगळंच 'ठीक' असतं.

सुरुवातीला चार वाक्यं बोला, आणि ती खरी असू द्या. हिशेब झालेला आहे, यातल्या कशानेही तो बदलणार नाही. तुमचं नाव घालून मालकांना काही सांगितलं जाणार नाही. तीन-चार जणांचं एकत्र करून सांगितलं जाईल. पण जिवाला धोका, चोरी किंवा कोणा बाईशी गैरवर्तन याबद्दल काही कळलं तर ते मला झाकून ठेवता येणार नाही. हे शेवटचं वाक्य आधीच सांगायचं. माणूस मोकळा होऊन बोलल्यावर 'हे तर वर सांगावं लागेल' म्हणणं म्हणजे विश्वासघात होतो.

आता प्रश्न. 'का सोडता?' हा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर राजीनाम्यात लिहून झालं आहे, तो तेच पुन्हा म्हणणार. त्याऐवजी काळाच्या ओघाने जा. कामावर आलात तेव्हा काय ठरलं होतं? पहिला हंगाम कसा गेला? आणि मग या सगळ्या बोलण्यातला सर्वात मोलाचा प्रश्न: 'काम सोडावं असं पहिल्यांदा मनात कधी आलं?' राजीनामा आणि तो पहिला विचार यांत बहुधा काही महिने गेलेले असतात. कारण त्या पहिल्या दिवसात असतं. राजीनाम्याच्या दिवशी फक्त निमित्त असतं. समजा, काट्यावरचा माणूस समोर बसला आहे. बोलणं साधारण असं चालतं:

'घरी शेती पाहाले कोणी नाही जी.'

'शेती तर आधीपासून होतीच ना भाऊ. सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?'

इथे थांबायचं. मनात १०पर्यंत मोजा. मदतीचा शब्द टाकू नका.

'मांगच्या हंगामात.'

'दिवाळीच्या आधी की नंतर?'

'नंतर. तुरी याच्या आधी. कापसाच्या गाड्या रातच्या दोनपर्यंत राहत.'

'त्यातला एखादा दिवस आठवतो?'

'एका दिवशी काटा बंद पडला. गाडीवाले माह्यावर धावले. सुपरवायझरले फोन लावला, त उचललाच नाही. सकाळी आले अन् सगळ्याईसमोर मलेच बोलले.'

एवढ्यात चार गोष्टी हाती लागल्या: महिना, रात्रीची पाळी, काटा बंद पडला तर काय करायचं याची काहीच सोय नसणं, आणि रात्री जबाबदार माणूस फोनवर न मिळणं. महिना सोडला तर बाकी तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काट्यावर रात्री दोन माणसं, काटा दुरुस्त करणाऱ्याचा नंबर भिंतीवर, आणि सुपरवायझरांची रात्री फोन उचलण्याची पाळी. शेतीचं कारण खोटं नव्हतं, पण शेती त्याआधीही होतीच, आणि तरी तो कामावर येत होता.

यानंतरचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: 'हे कोणाला सांगितलं होतं का? काय उत्तर मिळालं?' रात्रपाळी एक दिवसाआड मिळावी म्हणून त्याने दसऱ्याला विचारलं असेल आणि 'बघू' असं उत्तर मिळालं असेल, तर ती तारीख आणि तो शब्द तसाच लिहून घ्या. मागणी नाकारली म्हणून माणसं जातात त्यापेक्षा मागणीला उत्तरच आलं नाही म्हणून जास्त जातात, असं माझं ठाम मत आहे. नकार मिळाला तर माणूस आपली सोय बघतो. 'बघू' म्हटलं की तो वाट बघतो आणि वाट बघता बघता मनाने उठून जातो.

पुढचे तीन प्रश्न असे ठेवा. 'तुमच्या भाच्याला इथे लावाल का? लावलंत तर त्याला आधी काय सांगाल?' आपल्याकडे भरती नात्यागोत्यातूनच होते, त्यामुळे स्वतःबद्दल न बोलणारा माणूस भाच्याबद्दल नेमकं बोलतो: 'रातच्या पाळीले नको म्हना', 'अमक्या खात्यात जाऊ नको'. दुसरा: 'कोणती एक गोष्ट बदलली असती तर थांबला असता?' एकच सांगायला लावा, दहा नकोत. तिसरा: 'इथलं काय जपून ठेवावं?' हा शेवटी, म्हणजे माणूस कडू तोंडाने उठत नाही, आणि जे चालतंय ते मोडायचं नाही हेही कळतं.

पैशाचा विषय मुद्दाम उशिरा काढा. आधी काढला तर 'पगार कमी' एवढ्यावर बोलणं संपतं, कारण ते सांगायला सगळ्यात सोपं. नवीन ठिकाणचे आकडे नीट मांडून घ्या: हातात किती पडणार, खोलीभाडं, मेस, महिन्यातून एकदा गावी यायचा खर्च, कामाचे तास. पुण्याजवळ चाकणला ठेकेदाराकडे लागणाऱ्या मुलाच्या हातात खर्च जाता उरणारी रक्कम कधीकधी तुमच्याकडच्यापेक्षा फार जास्त नसते, आणि तरी तो जातो. म्हणून विचारा: 'इथे तेवढेच मिळाले असते तर गेला असता का?' उत्तर 'हो' आलं तर पगार हे कारण नव्हतं.

ऐकताना वाद घालू नका. 'असं नव्हतं काही, त्या दिवशी मी स्वतः होतो' असं एक वाक्य गेलं की पुढचं सगळं 'चांगले' होतं. बाकीच्यांपैकी कोण जायच्या विचारात आहे हेही विचारू नका, त्याला चहाडखोर केल्यासारखं होतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग नको. वहीत लिहा, त्याला विचारून लिहा, आणि त्याच्याच शब्दांत. 'सुपरवायझरचे वर्तन असमाधानकारक' असं लिहिलंत तर महिन्याभराने तुम्हालाही त्याचा अर्थ लागणार नाही. 'सगळ्याईसमोर मलेच बोलले' हे मात्र तेव्हाही कळेल. उठण्याआधी वाचून दाखवा आणि जे खोडायला सांगेल ते खोडा.

'घरगुती कारण' या दोन शब्दांखाली आपल्याकडे जे दडलेलं असतं त्यातलं बरंचसं ओळखीचं आहे. शेवटची एसटी निघून गेल्यावर सुटणारी पाळी. कापसाच्या चुकाऱ्यांवर पुढे-मागे होणारी पगाराची तारीख. पावसाळ्यात जिन बंद असताना मिळणारा अर्धा पगार, जो नेमताना कोणी स्पष्ट सांगितला नव्हता. मालकाच्या घरची आणि शेतातली कामं. शेतकऱ्यांसमोर 'ए' म्हणून हाक मारणं, आणि हे माणसाला पगारापेक्षा जास्त लागतं. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, 'पर्मनंट आहे का?', आणि दाखवायला नियुक्तीपत्र नसतं. पगारपत्रक नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही. नियुक्तीपत्र देणं तर आता कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्याला खर्च कागदाचा.

एक खूण विशेष लक्षात ठेवा. जिनवरचा माणूस म्हणाला, 'सुटीच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलं की छाती भरून येते, मग दोन-तीन दिवसांनी बरं वाटते', तर ते सर्दी-पडसं समजून सोडू नका. रुईच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार असाच सुरू होतो: सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वात जास्त आणि आठवडाभरात कमी. त्याला छातीच्या डॉक्टरकडे पाठवा आणि त्या खात्यात अजून काम करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा. ही मुलाखत अशा वेळी थांबलेल्या माणसांच्या जिवाच्या उपयोगी पडते.

लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर मुलाखतीलाच चौकशीचं रूप देऊ नका. शांतपणे ऐका आणि तिला तिचा हक्क सांगा. २०१३च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार देता येते आणि समितीला योग्य वाटलं तर आणखी ३ महिने मुदत मिळते. नोकरी सोडली म्हणून हा हक्क जात नाही. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करायची आहे.

मुलाखतीनंतरच्या कामात बहुतेक ठिकाणी ढिलाई होते. एक साधी वही करा. दर माणसामागे एक ओळ: पद, किती वर्षं, घरापासून अंतर, पाळी, कोणाच्या हाताखाली, सोडण्याचा पहिला विचार कोणत्या महिन्यात, काय मागितलं, कोणाला, उत्तर काय, कुठे गेला, परत येईल का. वही मालकाच्या टेबलावर नको, मुलाखत घेणाऱ्याच्या कुलपात. वर्षाला आठ माणसं जात असतील तर टक्केवारी काढू नका, तिला अर्थ नसतो. एकाने सांगितलेलं नोंदवून ठेवा. वेगवेगळ्या खात्यातल्या दोघांनी तेच सांगितलं तर हजेरीपत्रक काढून पडताळा: कोणाला सलग किती रात्री लागल्या, ओव्हरटाइम किती, पगार खरंच कोणत्या तारखेला झाला. जाणाऱ्याचं बोलणं एका बाजूचं असतं आणि रागात वाढतंही, म्हणून कागदाशी जुळवणं आवश्यक. पण जुळलं तर मग हात आखडू नका.

मालकाला तीन महिन्यांतून एकदा एक पान द्या. त्यात नावं नकोत, आणि ओळखू येईल असं पदही नको. तुमच्याकडे अकाउंटंट एकच होता, तर 'हिशेब विभागातील कर्मचारी' म्हणजे नावच झालं. असं एकुलत्या एक पदावरचं म्हणणं पुढच्या तिमाहीत इतरांसोबत मिसळून द्या. सकाळी बोललेलं संध्याकाळी सुपरवायझरच्या कानावर गेलं, तर त्या गावात पुढची कित्येक वर्षं तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही. पानावर शेवटी फक्त दोन कामं लिहा, करणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. काट्यावर दुसरा माणूस आला की थांबलेल्यांना आपोआप कळतं की कोणीतरी ऐकलं.

हंगामी मजुरांना पाऊण तासाची मुलाखत जमत नाही, आणि गरजही नाही. हंगाम उतरताना, मार्च-एप्रिलमध्ये, ५-६ जणांना एकत्र ओट्यावर बसवा. मुकादम तिथे नको, बाया वेगळ्या बसू द्या. तीनच प्रश्न: पुढच्या हंगामाला येणार का, नसाल तर कुठे जाणार, इथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. संडास, पिण्याचं पाणी, धुळीसाठी तोंडाला बांधायचं कापड, मुकादमाने कापलेले पैसे, असंच नेमकं निघतं. पुढच्या दसऱ्याला कोण आलं नाही ते या यादीशी ताडून बघा.

राजीनामा न देता निघून जाणारेही असतात, सण करायला गेला तो आलाच नाही असे. त्याच्या घरी गाडी पाठवू नका, ते बोलावणं वाटतं. आधी त्याचे राहिलेले पैसे खात्यावर टाका, मग ८-१० दिवसांनी फोन करा. पैसे मिळालेला माणूस वेगळं बोलतो.

आणि हाच नियम गेलेल्या तिघांनाही लागू आहे. सोडून ६० ते ९० दिवस झाले की १० मिनिटांचा दुसरा फोन कराच, कारण हिशेब आणि नवी नोकरी दोन्ही हातात असल्यावर माणूस समोर बसून सांगितलं नाही ते सांगतो. पुण्याकडे गेलेले पोळ्याला नाहीतर दिवाळीला घरी येतात, तेव्हा भेट झाली तर आणखी चांगलं. तुमच्या तिघांची ही मुदत उलटून गेली आहे, तरी चालेल. आधी त्यांचं पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं काही अडलं आहे का ते तपासा, अडलं असेल तर मोकळं करा, आणि ज्याच्या हाताखाली त्यांनी कधी काम केलं नाही अशा माणसाकडून फोन करवा. फिटरला रोलर आणि सुटे भाग मागितल्यावर किती दिवसांनी मिळत होते ते विचारा, अकाउंटंटला मार्चअखेरीस किती रात्री थांबावं लागलं आणि कोणत्या कागदावर सही करायला मन तयार नव्हतं ते विचारा. काट्यावरच्याला विचारायचं ते वर आलंच आहे. हे फोन कापूस यायच्या आधी, भाद्रपदातच उरका, म्हणजे काही बदलायचं ठरलं तर दसऱ्यापर्यंत वेळ मिळेल.